ताट आणि काटा : तालमीतल्या भुकेचा इतिहास



अल्लीपूरला व्याख्यान द्यायचं ठरलं तेव्हा आम्ही विषय घेऊन आलो होतो तो वेगळाच होता. सकाळी चहा घेताना एक माउली भेटल्या आणि विषय बदलला. त्या म्हणाल्या, "सर, दोन दिस झाले, पोरगा जेवून नाही राहिला. कबड्डीसाठी वजन बसवाचं हाये म्हणते." मुलगा सोळा वर्षांचा. गट पंचावन्न किलोचा. मुलगा सत्तावन्न भरतो. एवढीच गोष्ट. पण तिच्या मागे सव्वाशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि आज तोच सांगावा असं आम्हाला वाटलं. आम्ही डॉक्टर नाही, प्रशिक्षकही नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण "किती खावं" हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा फार जुना प्रश्न आहे, हे आपल्याला पुढे दिसेल.

आपल्या भागात वजनी गटाचे कबड्डी सामने गावोगाव होतात. पंचावन्न किलो, साठ किलो, मग खुला गट. सामन्याच्या ठिकाणी मंडपाच्या कडेला काटा ठेवलेला असतो. पोरं अंगावरचा शर्ट काढून त्यावर उभी राहतात. ज्याचं वजन अर्धा किलो जास्त भरलं, तो परत जातो, मैदानाला फेऱ्या मारतो, थुंकतो, पुन्हा येतो. आम्ही एका सामन्यात असा एक मुलगा पाहिला. काट्यावर तो बसला, टाळ्या पडल्या, आणि तासाभराने पहिल्याच चढाईत घेरी येऊन पडला. लोक म्हणाले, ऊन लागलं. ऊन लागलं हे खरंच होतं. पण त्याच्या पोटात आदल्या दिवसापासून पाण्याचा थेंब नव्हता, हे कुणी बोललं नाही.

आता जरा मागे जाऊ.

आपल्या जुन्या तालमीत काटा नव्हता. कुस्तीची जोड लावायची ती वस्तादाच्या नजरेने. कोण किती मेहनत करतो, कुणाची ताकद कुणाला झेपेल, हे जाणती माणसं बसून ठरवत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं, ते १९१२ साली पूर्ण झालं. त्या लाल मातीत ज्या कुस्त्या गाजल्या त्या काही किलो-ग्रॅमवर लागलेल्या नव्हत्या. आणि त्या तालमीतला पैलवानाला विचारला जाणारा प्रश्न कोणता? "किती जोर, किती बैठका, आणि खुराक काय?" दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. खाणं हा मेहनतीचाच भाग होता. जो खात नाही त्याने मेहनत करू नये, असा सरळ हिशोब.

हे ऐकून जुनं ते सगळं सोनं असं आम्ही म्हणतोय, असा समज करून घेऊ नका. त्या खुराकाचा खर्च राजाश्रयाने किंवा गावाच्या वर्गणीने चाले. ज्याला आश्रय नाही त्याचा खुराक भाकर आणि ठेचा. मुलींना तर तालमीचं दारच बंद होतं. शिवाय कुस्ती सुटली तरी खुराक सुटत नसे, आणि चाळिशीनंतर अनेकांचं शरीर त्याची किंमत मोजत असे. ग्रीसमध्ये प्लेटोने हेच पाहिलं होतं. 'रिपब्लिक'च्या तिसऱ्या प्रकरणात तो पैलवानांच्या आहारावर टीका करतो. हे लोक आयुष्य झोपेत घालवतात आणि ठरलेला आहार जरा चुकला की आजारी पडतात, अशी त्याची तक्रार. म्हणजे अतिरेक दोन्ही बाजूंनी होतो. पण आपल्या तालमीचा अतिरेक पोट भरण्याचा होता, पोट मारण्याचा नव्हता. हा फरक लक्षात ठेवा.

मग काटा आला कुठून? १८९६ साली अथेन्समध्ये आधुनिक ऑलिम्पिक सुरू झालं तेव्हा कुस्तीला वजनाचे गट नव्हतेच. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिम्पिकपासून ते आले. कारण चांगलं होतं बरं का. लहान चणीच्या माणसालाही न्याय मिळावा, त्याची गाठ दुप्पट वजनाच्या माणसाशी पडू नये. काटा जन्माला आला तो न्यायासाठी.

आणि त्या न्यायाचा लाभ आपल्यालाच झाला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ साली लंडनला ते फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोमध्ये खेळले आणि सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ साली हेलसिंकीला ते बँटमवेट गटात, ५७ किलोमध्ये उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. वजनाचे गट नसते तर सत्तावन्न किलोच्या माणसाला तिथे कुणी उभं केलं असतं? पण या गोष्टीतली दुसरी बाजू आपण मुलांना सांगत नाही. खाशाबांचं पदक आलं ते वरच्या गटात. खालच्या गटात अंग कोंबून बसवणं म्हणजेच पराक्रम, असं आज मानलं जातं. आपल्या सगळ्यांत मोठ्या मल्लाची गोष्ट तर पाच किलो वर सरकून जिंकण्याची आहे.

पुढे काय झालं ते आपण टीव्हीवर पाहिलं. ऑगस्ट २०२४, पॅरिस. विनेश फोगाट. टोकियोला ५३ किलोत खेळलेली ही मुलगी पॅरिसला ५० किलोत उतरली. ६ ऑगस्टला तिने एका दिवसात तीन कुस्त्या जिंकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन करायचा नियम आहे. रात्रभर घाम काढला, केस कापले, आणि काटा शंभर ग्रॅमने वर राहिला. ती बाद झाली. सारा देश हळहळला. त्याच आठवड्यात अमन सेहरावतने ५७ किलोत कांस्यपदक मिळवलं, आणि लढतीआधी दहा तासांत त्याचं साडेचार किलोच्या वर वजन उतरवल्याची बातमी कौतुकाने छापून आली. आता विचार करा, अल्लीपूरच्या सोळा वर्षांच्या पोराने या दोन बातम्यांतून काय घेतलं असेल? त्याने घेतलं ते हे, की उतरवणाऱ्याला पदक मिळतं आणि ज्याचं शंभर ग्रॅम राहिलं तो कमी पडला. त्या दोघांच्या भोवती डॉक्टर, आहारतज्ज्ञ, प्रशिक्षक होते आणि तरीही ते धोक्याचं होतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही. इथे तर त्याच्याभोवती कुणीच नाही.

दोन दिवसांत जे वजन उतरतं ते चरबीचं नसतं, पाण्याचं असतं. पाणी घटलं की रक्त घट्ट होतं, हृदयावर ताण येतो, अंग तापलं तर थंड होत नाही. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या तीन कॉलेजांचे तीन तरुण कुस्तीगीर वजन उतरवताना दगावले. रबरी कपडे घालून, गरम खोलीत सायकल मारत होते. त्यानंतर तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेने रबरी कपडे आणि गरम खोल्यांवर बंदी घातली, आणि हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाचं किमान सुरक्षित वजन ठरवण्याची पद्धत आणली. ते अपघात हिवाळ्यातले. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि पोरं जाकीट घालून दुपारी धावतात. याला आम्ही हिंमत म्हणणार नाही.

हे झालं शरीराचं. मनाचं काय? इथे आम्हाला एका प्रयोगाची गोष्ट सांगायची आहे. दुसरं महायुद्ध चालू होतं. युरोपात लाखो लोक उपाशी होते, त्यांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं हे शोधण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने १९४४ साली छत्तीस निरोगी तरुण घेतले. हे तरुण युद्धाला नकार देणारे, शांततावादी, स्वखुशीने आलेले. सहा महिने त्यांना गरजेच्या साधारण निम्मं अन्न दिलं. वजन पाव हिश्शाने घटलं. पण खरी गोष्ट पुढे आहे. हे शहाणेसुरते तरुण दिवसभर फक्त अन्नाबद्दल बोलू लागले. पाककृतींची पुस्तकं वाचू लागले. ताटं चाटू लागले. जेवण रेंगाळत लांबवू लागले. चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले. पोटभर अन्न मिळू लागल्यावरही काहींची भूक कितीतरी दिवस ताळ्यावर आली नाही.

यातून काय समजतं? आपल्या घरातली खेळाडू मुलगी चोरून खाते, मग रडते, पोळीचे तुकडे मोजते, जेवणावरून आईशी भांडते. आपण म्हणतो, हट्टी आहे, नाटकं करते. मिनेसोटाचा प्रयोग सांगतो, थांबा. आधी भूक आली, स्वभाव नंतर बिघडला. त्या छत्तीस जणांत कुणी हट्टी नव्हतं. उपाशी ठेवलेलं कोणतंही मन असंच वागतं. काही मुलांत ही वाट पुढे खऱ्या आजाराकडे जाते, आणि तो आजार उपदेशाने बरा होत नाही. त्याला उपचार लागतात.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्याकडे सभेत बोलली जात नाही. आम्ही बोलणार आहोत. १९९२ च्या सुमारास अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या तज्ज्ञांनी तीन गोष्टींची साखळी मांडली: अन्न अपुरं, पाळी बंद, हाडं कमजोर. जी मुलगी सराव वाढवते आणि ताट वाढवत नाही, तिचं शरीर काटकसर सुरू करतं. पाळी थांबवणं ही त्या काटकसरीची खूण. आपल्याकडे उलट समज आहे. "सरावाने पाळी बंद होतेच, चांगलंच आहे, कटकट गेली." मंडळी, तीन महिने पाळी आली नाही तर ती डॉक्टरकडे जायची गोष्ट आहे. हाडं भक्कम व्हायचं वय तेच असतं. ते वय भुकेत गेलं तर पुढे भरून काढणं अवघड जातं. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने ही कल्पना आणखी रुंद केली आणि मुलांनाही त्यात घेतलं. भरतीसाठी पहाटे उपाशीपोटी धावणारी आपली मुलं, मुली, सगळी त्यात येतात.

आता आपल्या वर्ध्याकडे येऊ, कारण इथे एक अडचण आहे आणि ती आमच्या क्षेत्रातली आहे. हा जिल्हा उपासाच्या पुण्याईने ओळखला जातो. १९३६ साली गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात आले. त्याच वर्षी शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली. एकाच वर्षी एकीकडे शरीर कमावणारे, दुसरीकडे शरीराला आवर घालणारे. विनोबांनी तर १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये पवनारला अन्न-औषध सोडून देह ठेवला. अशा मातीतल्या पोराला जेव्हा प्रशिक्षक सांगतो, "जिभेवर ताबा नाही तर खेळाडू कसला?" तेव्हा त्या वाक्याच्या मागे नकळत सगळी तपश्चर्या उभी राहते. उपाशी राहणारं पोर घरच्यांना संयमी वाटतं.

ही गल्लत आहे. गांधीजींचा उपास कशासाठी आहे हे चार माणसांना माहीत असे, तो उघड असे, त्याला शेवट असे. विनोबांनी अन्न सोडलं ते सत्त्याऐंशीव्या वर्षी, आयुष्याचं काम संपल्यावर. सोळा वर्षांच्या वाढत्या अंगाशी त्याची तुलना करणं म्हणजे दोघांचाही अपमान. उपास माणूस घेतो, उपासमार माणसावर येते. काट्याच्या भीतीने, कुणी हसेल म्हणून, संघातून काढतील म्हणून जे पोर जेवत नाही, ते तप करत नाही.

आणि वर्ध्याचा वारसा फक्त उपासाचा आहे, हेही खरं नाही. इथेच मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम चाललं, कुमारप्पांनी ते सांभाळलं. तिथे विचार होत होता तो ताटाचा. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, घाणीचं तेल, गूळ. गावातल्या माणसाच्या ताटात जास्त कस कसा येईल, याचा तो शोध होता. तोही आपलाच वारसा आहे. आम्हाला वाटतं, खेळाडूंच्या घरात आणि मैदानावर आता तो बाहेर काढायची वेळ आली आहे.

तत्त्वज्ञान यात काय म्हणतं? अ‍ॅरिस्टॉटलने नीतीवरच्या ग्रंथात मध्यममार्ग समजावताना उदाहरण घेतलं ते नेमकं पैलवानाच्या खाण्याचंच. दहा माप जास्त, दोन माप कमी, म्हणून वस्तादाने सगळ्यांना सहा माप द्यावं का? नाही. मायलो नावाच्या प्रसिद्ध मल्लाला ते कमी पडेल, नवशिक्याला जास्त होईल. मध्य हा गणिताचा नसतो, त्या त्या माणसाचा असतो. आपल्या चरकाने आहाराची मात्रा ज्याच्या त्याच्या अग्नीवर सोडली. गीतेने युक्ताहार म्हटलं, त्यात अति खाणारा आणि मुळीच न खाणारा दोघेही बसत नाहीत. बुद्धाने तर हाडाचा सापळा होईपर्यंत उपाशी राहून पाहिलं, आणि मग सुजातेची खीर घेतली. एवढ्या वेगवेगळ्या परंपरा एका गोष्टीवर एकमत आहेत: मात्रा माणसागणिक असते. काट्यावरचा आकडा मात्र सगळ्यांना एकच. म्हणून काटा आणि माणूस यांच्यामध्ये कुणीतरी शहाणं माणूस उभं असावं लागतं. पूर्वी तिथे वस्ताद होता. आज ती जागा बऱ्याचदा रिकामी आहे.

ती जागा भरता येते का? येते. नॉर्वेमध्ये सोळा क्रीडाशाळा घेऊन एक प्रयोग झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. काही शाळांत वर्षभर मुलांशी आत्मविश्वास, प्रेरणा, आहार यांवर बोलणं झालं, प्रशिक्षकांनाही शिकवलं. त्यानंतर त्या शाळांतल्या मुलींमध्ये आहारविकाराचा एकही नवा रुग्ण निघाला नाही. जिथे काही केलं नाही तिथे निघाले. स्की उडीच्या खेळात तर नियमच बदलला. खेळाडू फार हडकुळे होऊ लागले, तेव्हा २००४ च्या सुमारास ठरलं की उंचीच्या मानाने वजन फार कमी असेल त्याला आखूड स्की मिळेल. उपाशी राहण्याचा फायदाच काढून टाकला. म्हणजे प्रश्न पोराच्या मनोधैर्याचा कमी आणि मोठ्यांच्या नियमांचा जास्त आहे.

मग इथे, अल्लीपुरात, आपण काय करावं? सामने भरवणाऱ्या मंडळांना आमची विनंती आहे. वजन चारचौघांत करू नका, आडोशाला करा आणि आकडा मोठ्याने वाचू नका. गट ठरवताना पोराची उंची आणि वाढ पहा. वाढत्या वयात गट दरवर्षी वर सरकणं हे स्वाभाविक आहे. सामन्याआधी आठ दिवस वजन घेतलं आणि सामन्याच्या सकाळी पुन्हा घेतलं, तर किती पाणी पिळून काढलं ते लगेच कळेल. फार फरक दिसला तर त्या पोराला वरच्या गटात खेळवा.

प्रशिक्षकांना विनंती अशी की "जाड्या", "हलकी हो", "पोट बघ" हे शब्द मैदानावरून काढून टाका. सरावाआधी थोडं आणि सरावानंतर नीट खाल्लं का, एवढं रोज विचारा. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, भात, दूध, अंडं, मूठभर शेंगदाणे, गूळ, केळं. महागडी पावडर नको. हे आपल्या शेतात आणि आठवडी बाजारात आहे.

आईवडिलांनी खुणा ओळखाव्यात. सगळ्यांसोबत जेवायचं टाळणं. जेवल्यावर लगेच संडास-मोरीत जाऊन बसणं. दुखापत असूनही धावत राहणं. सतत थंडी वाजणं, चक्कर येणं, पाळी थांबणं. अशा वेळी रागावू नका आणि जबरदस्तीने भरवूही नका. शांतपणे विचारा आणि डॉक्टरकडे न्या. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, नंतर गरज पडली तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, तिथे मनाचे डॉक्टरही आहेत. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येतं.

शेवटी त्या माउलींकडे येतो. त्यांनी आम्हाला विचारलं होतं, "मी काय सांगू त्याले?" आम्ही म्हटलं, त्याला काही सांगू नका. ज्यांनी गट ठरवला त्यांना सांगा, की माझा पोरगा साठ किलोत खेळेल. त्या म्हणाल्या, "तिथं मार खाईल." खाईल कदाचित. एक हंगाम हरेल, वाढेल, पुढच्या वर्षी त्याच गटात घट्ट उभा राहील. तुम्ही आज संध्याकाळी त्याला जेवायला वाढा, आणि स्वतः त्याच्यासोबत बसा. सामना भरवणारी मंडळी इथे समोरच बसली आहेत. वजनाच्या जागेला आडोसा आणि साठ किलोच्या यादीत एक नाव, एवढं ते आज इथून उठताना ठरवू शकतात. आम्ही थांबलो आहोत. चर्चा करू.